हाताने रंगवलेलं जुनं पक्षीचित्र: कसं बघायचं, कसं पारखायचं, कसं जपायचं

आधी एक भिंग घ्या. सोनार डोळ्याला लावून हिरा पारखतात ते, दहा पटीचं. सोनारकामाची हत्यारं विकणाऱ्या दुकानात मिळतं आणि फार महाग नसतं. दुसरा, नोटा तपासायचा जांभळ्या उजेडाचा छोटा दिवा. तिसरी, एक साधी पट्टी. दोनशे वर्षांपूर्वीचं, हाताने रंगवलेलं पक्ष्याचं चित्र ओळखायला सुरुवातीला एवढं पुरतं. पुढचं काम डोळ्यांचं, आणि डोळे सवयीने तयार होतात.

हे चित्र नेमकं काय असतं ते आधी सांगतो. ते चित्रकाराने एकदाच काढलेलं मूळ चित्र नव्हे आणि आजच्यासारखं छापील पोस्टरही नव्हे. रेषा छापलेली, रंग हाताने भरलेला, असा हा मधला प्रकार आहे. इंग्लंडमध्ये साधारण १७९० ते १८४० हा काळ रोमँटिक म्हणून ओळखला जातो. कीट्स, शेली पक्ष्यांवर कविता लिहीत होते त्याच काळात पक्ष्यांचे मोठमोठे चित्रग्रंथ वर्गणीदारांच्या जोरावर निघत होते. रंगीत छपाईचे प्रयोग चालू होते, पण पिसावरची झाक पकडण्याइतके ते पुढे गेले नव्हते. म्हणून चित्र काळ्या शाईत छापायचं आणि मग प्रत्येक प्रत कुणीतरी कुंचल्याने रंगवायची. दोनशे प्रती काढल्या, तर तोच पक्षी दोनशे वेळा रंगवायचा.

म्हणूनच नवख्या माणसाला माझं एकच सांगणं असतं. असं चित्र समोर आलं की पक्षी नंतर बघा, आधी रंग बघा. रेषा काढणाऱ्याचं नाव चित्राखाली छापलेलं असतं. रंग भरणाऱ्यांची नावं बहुतेक कुठेच नसतात. पण चित्र खरं की खोटं, जपलेलं की बिघडलेलं, हे तुम्हाला सांगणार तो त्यांचाच हात.

शिकायला कुठलं चित्र घ्यायचं

नाव सगळ्यांना 'बर्ड्स ऑफ अमेरिका' हा ग्रंथ काढणाऱ्या अमेरिकन पक्षीचित्रकार ऑड्युबनचं माहीत असतं. मी सुरुवात एलिझाबेथ गोल्डपासून करायला सांगतो. तिचे पक्षी आपल्या हिमालयातले आहेत आणि ती चित्रं ज्या पद्धतीने छापली ती दगडावरून छापायची पद्धत आपल्याकडे 'शिळाछाप' म्हणून चांगली रुळलेली होती.

१८३०च्या सुमारास हिमालयातल्या पक्ष्यांची कातडी लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या संग्रहालयात पोचली. पेंढा भरून पक्षी तयार करणारा जॉन गोल्ड तिथे कामाला होता. या पक्ष्यांचं चित्रपुस्तक काढायचं त्याने ठरवलं. कच्ची रेखाटनं तो करी, पण पक्षी नीट चितारून दगडावर उतरवण्याचं काम त्याच्या बायकोने, एलिझाबेथने केलं. छपाई चार्ल्स हुलमंडेलच्या छापखान्यात झाली. ८० पानं, शंभर जातींचे पक्षी, आणि १८३०-३३च्या दरम्यान काम पुरं. मजकूर पक्षीशास्त्रज्ञ निकोलस व्हिगर्सने लिहिला. आपल्या अंगणात जास्वंदीवर येतो त्या शिंजिराचा हिमालयातला एक भाऊबंद व्हिगर्सने एलिझाबेथच्या नावाने नोंदवला. त्याच्या शास्त्रीय नावात 'गोल्डी' आहे ते तिचंच. पुढे डार्विनने बीगल जहाजावरून आणलेल्या पक्ष्यांची चित्रंही तिने केली. १८४१मध्ये, आठव्या बाळंतपणानंतर, ३७व्या वर्षी ती गेली. या चित्रांची चर्चा निघाली की लोक 'गोल्डची चित्रं' म्हणतात आणि त्यांच्या मनात नवराच असतो. मला हे सलतं. तुम्ही तरी चित्राखालची अक्षरं वाचा: निसर्गावरून आणि दगडावर ई. गोल्ड यांनी काढलं, असं स्वच्छ लिहिलेलं असतं.

लगेच पैसे घालून काही विकत घ्यायची गरज नाही. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संकेतस्थळावर त्या काळातल्या अनेक पक्षीग्रंथांची पानं मोठ्या आकारात फुकट बघता येतात. ऑड्युबनच्या ग्रंथाची सगळी ४३५ पानंही इंटरनेटवरून उतरवून घेता येतात. महिनाभर तीच बघा. दुकानात गेल्यावर डोळ्यांना काहीतरी आधार असेल.

पहिली पायरी: रेषा कशावरून छापली

चित्र सपाट टेबलावर ठेवा, खिडकीच्या बाजूने तिरका उजेड येऊ द्या आणि भिंग अगदी जवळ नेऊन फक्त काळ्या रेषेकडे बघा.

तांब्याच्या पत्र्यावरून छापलेलं असेल तर रेष टोकदार असते, टोकाशी निमुळती होत जाते आणि शाई कागदावर किंचित उचललेली दिसते. पत्रा दाबाखालून गेल्यामुळे चित्राभोवती चौकोनी खळगाही उठतो. बोट हलकं फिरवलं तर कळतं. पण कागद बांधणीच्या वेळी कापला गेला असेल तर हा खळगा हरवतो, तेव्हा तो नाही म्हणून चित्र लगेच खोटं ठरवू नका. ऑड्युबनची मोठी चित्रं या प्रकारची. त्यातल्या करड्या छटांसाठी पत्र्यावर राळेची पूड बसवून आम्लाने खोदकाम करत. त्या छटा भिंगाखाली उन्हाळ्यात सुकलेल्या तळ्याच्या भेगांसारख्या दिसतात, बारीक आणि वेड्यावाकड्या. एकदा पाहिल्या की विसरता येत नाहीत.

शिळाछाप वेगळं. बव्हेरियातल्या झोलनहोफेनचा चुनखडीचा दगड घासून सपाट करायचा, त्यावर मेणकट खडूने चित्र काढायचं आणि दगड ओला करायचा. पाणी जिथे बसतं तिथे तेलकट शाई चिकटत नाही. खडू फिरला असेल तिथेच शाई धरते. त्यामुळे रेष मऊ, खडूसारखी, दगडाच्या कणांमुळे तुटक तुटक येते. पत्र्याच्या कडांचा खळगा नसतो. एलिझाबेथची चित्रं अशीच छापली. इकडे मुंबईत १८३१ साली गणपत कृष्णाजींनी मराठी पंचांग छापलं तेही शिळाछापानेच. लंडनमध्ये हिमालयाचे पक्षी दगडावर उतरत होते त्याच वर्षात मुंबईत तिथी-नक्षत्रं दगडावर उतरत होती. जुनं शिळाछाप पंचांग किंवा पोथी कुणाच्या घरात असेल तर तिच्या अक्षरांवर भिंग ठेवून बघा. शाई कागदावर कशी सपाट बसते ते तिथेच कळेल.

तिसरा प्रकार लाकडाचा. थॉमस ब्यूइकने न्यूकॅसलमध्ये बॉक्सवुडच्या आडव्या कापलेल्या ठोकळ्यांवर ब्रिटिश पक्षी कोरले आणि १७९७ व १८०४मध्ये दोन खंडांत छापले. ती चित्रं लहान आणि काळी-पांढरी. रंगवलेली दिसली तर रंग बहुधा नंतर कुणीतरी चढवलेला आहे असं धरून चाला.

आता नक्कल. रोजच्या वर्तमानपत्रातल्या रंगीत फोटोवर भिंग ठेवा. निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके ओळीत, छोट्या फुलांसारख्या वर्तुळांत मांडलेले दिसतील. जुन्या म्हणून दाखवलेल्या पक्षीचित्रात हे ठिपके दिसले की ते चित्र हाताने रंगवलेलं नाही. तिथेच थांबा. राजा रवी वर्मांचं एखादं ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखं दिसणारं रंगीत छापील चित्र, घरात असेल तर तेही बघून ठेवा. त्यात ठिपके वेडेवाकडे पडलेले, अनेक रंगांचे थर एकावर एक दिसतील, कारण प्रत्येक रंगाला वेगळा दगड वापरलेला असतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पक्षीचित्रंही तशी छापली जाऊ लागली. १८५८-६०मधली न्यू यॉर्कच्या ज्युलियस बीनने काढलेली ऑड्युबनची आवृत्ती दगडावरून रंगात छापलेली आहे. ती जुनी आहे, मौल्यवानही आहे, पण आपण जे शोधतोय ते ती नव्हे.

दुसरी पायरी: रंग

इथे वेळ घाला. या पायरीसाठी मी माणसाला अर्धा तास तरी बसवतो.

हिमालयातल्या ट्रॅगोपानच्या एका शिळाछापावर मी पहिल्यांदा भिंग ठेवलं तो दिवस मला लख्ख आठवतो. हा नर पक्षी, हिमाचलात ज्याला जुजुराणा म्हणतात तो. मानेवर लाल, अंगभर काळ्या कडांचे पांढरे ठिपके. लांबून मानेचा लाल एकच वाटतो. भिंगाखाली तो तीन थरांचा निघाला: तळाशी फिकट केशरी पाणी, त्यावर हिंगुळाचा लाल, आणि सगळ्यात वर किरमिजीचे बारीक फटकारे, एकेका पिसाच्या दिशेने ओढलेले. पांढरे ठिपके रंगाचे नव्हतेच. तो कागद होता. ज्याने रंगवलं त्याने प्रत्येक ठिपका चुकवून भोवतीचा रंग भरला होता. छातीशी एका जागी कुंचला रेषेच्या बाहेर तांदळाएवढा घसरला होता, आणि खालच्या पिसात कुंचल्याचा एक केस रंगातच अडकून वाळला होता. दोनशे वर्षं तो केस तिथे आहे.

बघायचं ते हे असं. कडेला रंग किंचित गडद होऊन वाळलेला दिसतो का? पाण्याचा रंग सुकताना कडेला साचतो, छपाईत तसं होत नाही. रंग कुठे तरी रेष ओलांडतो का, किंवा रेषेपर्यंत पोचत नाही का? पानांवरचा हिरवा दोन पानांत सारखाच आहे की थोडाफार कमी-जास्त? हाताने भरलेला रंग कधीच यंत्रासारखा एकसारखा नसतो.

मग डोळा बघा. पक्ष्याच्या डोळ्यावर बहुतेक वेळा डिंकाचा हात दिलेला असतो, म्हणून चित्र तिरकं धरलं की डोळा चमकतो आणि बाकी कागद मंद राहतो. काळ्या पिसांवरही असाच डिंक असतो, रंगाला खोली यावी म्हणून. बुबुळातला उजेडाचा कण पांढऱ्या रंगाचा आहे की सोडलेला कागद, हे बघायची मला फार आवड आहे. त्या एका ठिपक्यात रंगवणाऱ्याचा हात किती तयार होता ते दिसतं.

हे लोक कोण होते? एक नमुना-चित्र आधी पक्कं केलं जाई. त्यावरून बाकीच्या प्रती रंगवायच्या. मोठ्या कारखान्यांत टेबलाभोवती माणसं बसत आणि एकेकाकडे एकेक रंग असे. या धंद्यात बायका आणि मुलंही असत. गोल्डकडे बेफिल्ड नावाचा रंगारी वर्षानुवर्षं प्रमुख होता, हे नाव कसंबसं टिकलंय. ऑड्युबनची पहिली दहा पानं एडिंबरोमध्ये विल्यम लिझार्सने कोरली, पण १८२७मध्ये त्याच्याकडच्या रंगाऱ्यांनी संप केला आणि काम लंडनला रॉबर्ट हॅवेलकडे गेलं. तिथे ते १८३८पर्यंत चाललं. म्हणजे जगातला सगळ्यात नावाजलेला पक्षीग्रंथ एका शहरातून दुसऱ्या शहरात गेला तो रंग भरणाऱ्यांमुळे. त्यांना नगण्य समजू नका.

म्हणून एकाच पानाच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या तर रंग वेगळे दिसतात. यात खोटेपणा काही नाही. गोल्डच्या हिमालयाच्या पुस्तकात तर आणखी एक गोष्ट आहे: सुरुवातीच्या प्रतींत फक्त पक्षी रंगवलेले आहेत, फांद्या-पानं काळी-पांढरीच सोडलेली. नंतरच्या प्रतींत तीही रंगवली. फांदी कोरी दिसली म्हणून 'अर्धवट चित्र' समजून कुणी नाक मुरडलं तर त्याला हे सांगा.

आता रंगांचं वय. किरमिजी हा किड्यांपासून काढलेला रंग, उजेडात उडतो. त्यामुळे एकाच पक्ष्याच्या फ्रेमखाली झाकलेल्या कडेचा गुलाबी आणि मधला गुलाबी वेगळा दिसला, तर चित्र वर्षानुवर्षं उन्हात टांगलेलं होतं. पिवळा गँबोज म्हणजे आपल्या कोकमाच्या जातकुळीतल्या एका झाडाचा चीक. जंगालाचा हिरवा तांब्यापासून केलेला, तो कागद आतून जाळतो. पान उलटं करून बघा: हिरव्या जागेमागे तपकिरी छाया उमटली असेल तर रंग जुना आहे, आणि त्या जागी कागद कमकुवत झालाय हेही समजा. सफेदा, म्हणजे शिशाचा पांढरा, हवेतल्या गंधकाने काळवंडतो. पांढऱ्या पोटाचा पक्षी राखी झालेला दिसला तर हे कारण असू शकतं. कागद सांभाळणारे तज्ज्ञ तो पुन्हा पांढरा करू शकतात. घरी प्रयत्न करू नका.

तिसरी पायरी: कागद आणि कडा

कागद उजेडासमोर धरा. त्या काळातला चांगला कागद चिंध्यांपासून हाताने बनवलेला. ऑड्युबनचा कागद इंग्लंडच्या व्हॉटमन गिरणीचा, आणि त्यात पाण्याच्या खुणेत गिरणीचं नाव आणि साल दिसतं. ते साल चित्र छापल्यानंतरचं असेल तर काहीतरी गडबड आहे. मात्र खूण कागदाच्या एका कडेला असल्यामुळे प्रत्येक तुकड्यावर मिळेलच असं नाही.

मग जांभळा दिवा. अंधाऱ्या खोलीत कागदावर धरा. आजच्या कागदात पांढरेपणासाठी घातलेलं रसायन निळसर-पांढरं झगमगतं. जुना चिंध्यांचा कागद तसा झगमगत नाही. ही चाचणी एकटी पुरेशी नाही, पण फसवणूक करणाऱ्याचा आळस पकडायला फार उपयोगी आहे.

पट्टी इथे लागते. गोल्डच्या हिमालयाचं पान साधारण ५५ सेंटीमीटर उंच असतं. ऑड्युबनचं तर जवळपास एक मीटर, कारण प्रत्येक पक्षी खऱ्या आकारात दाखवायचा असा त्याचा हट्ट. म्हणून त्याच्या फ्लेमिंगोला कागदात बसण्यासाठी मान खाली घालावी लागली आहे. 'ऑड्युबनचं मूळ चित्र' म्हणून कुणी वहीएवढा कागद दाखवला, तर तो १८४०-४४मधल्या छोट्या आवृत्तीतला असू शकतो. ५०० पानांची, फिलाडेल्फियात शिळाछापाने छापलेली आणि तीही हाताने रंगवलेली. ती वाईट नाही. नवख्याने परवडेल तर तिथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे. फक्त किंमत मोठ्या पानाची लावलेली नाही ना, एवढं बघा.

कडांबद्दल एक दुखरी आठवण. माझ्या ओळखीच्या एका काकांकडे लंडनहून आलेलं पोपटाचं एक शिळाछाप होतं. फ्रेम करायला दिलं. फ्रेम करणाऱ्याकडे मोठी काच नव्हती, म्हणून त्याने चारी बाजू कापून चित्र 'नीट बसवलं'. खालची अक्षरं गेली, कलाकाराचं नाव गेलं, छापखान्याचं नाव गेलं. काका आजही म्हणतात की चित्र सुंदर दिसतं. दिसतंच. पण ते कोणी काढलं, हे त्या कागदावरून आता कुणी वाचू शकत नाही. फ्रेमवाल्याकडे देताना स्पष्ट सांगा, शक्य तर चिठ्ठीवर लिहून द्या: कागद कापायचा नाही.

चौथी पायरी: आता पक्षी

आता कुठे पक्ष्याकडे बघा. खालचं लॅटिन नाव आज बदललेलं असू शकतं, ते शोधून काढा. मग एक प्रश्न विचारा: चित्रकाराने जिवंत पक्षी पाहिला होता का?

एलिझाबेथसमोर कातडी होती. मेलेल्या पक्ष्याच्या पिसांचा रंग टिकतो, पण चोच, पाय, डोळ्याभोवतीची उघडी कातडी यांचा रंग मरणानंतर उडतो. म्हणून अशा चित्रांत पिसं बिनचूक आणि पाय चुकीच्या रंगाचे, असं वारंवार दिसतं. हिमालयात जाऊन पक्षी पाहिलेल्या मराठी पक्षीमित्रांनी ही तुलना जरूर करावी. ज्यांना जाणं शक्य नाही त्यांनी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या निसर्गविभागात पेंढा भरलेले पक्षी बघावेत, म्हणजे चित्रकाराच्या हाती काय होतं याची कल्पना येईल.

एडवर्ड लिअरचं उलट. १८३०मध्ये अठरा वर्षांचा हा मुलगा लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पोपटांच्या पिंजऱ्यासमोर जाऊन बसला. रखवालदार पोपट धरून ठेवी आणि हा मापं घेई. ४२ पानं झाली, १७५ प्रती छापल्या, आणि दगड भाड्याचे परवडेनात म्हणून प्रत्येक चित्र छापून झालं की पुसून टाकलं. पुन्हा छापणं शक्यच नव्हतं. त्याच्या पोपटांचे डोळे बघा. ते तुमच्याकडे बघतात. हाच लिअर पुढे १८७३मध्ये भारतात आला, मुंबईला उतरला, पण तोवर तो डोंगर-दऱ्या रंगवू लागला होता.

ऑड्युबन पक्षी मारून, तारांनी त्यांना जिवंतपणीची ढब देऊन, त्यावरून काढी. त्याचा कॅरोलिना पोपटांचा थवा, २६वं पान, काटेरी फळांच्या झुडपावर बसलेला आहे आणि एकेक पक्षी वेगळ्या दिशेला वळलेला. या जातीचा शेवटचा पिंजऱ्यातला पोपट १९१८मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. त्या पानावरचा पिवळा-हिरवा रंग बघताना हे माहीत असायला हवं. आणि हेही, की ऑड्युबन गुलाम माणसं विकत घेत होता, विकत होता. चित्र भिंतीवर लावताना दोन्ही गोष्टी घरातल्या मुलांना सांगाव्यात असं मला वाटतं.

पाचवी पायरी: घ्यायचं ठरलं तर

विकणाऱ्याला चार गोष्टी विचारा: कुठल्या पुस्तकातलं पान, कुठली आवृत्ती, रंग त्याच काळातला की नंतर चढवलेला, आणि दुरुस्ती काय झाली. 'रंग त्याच काळातला' हे पावतीवर लिहून मागा. लिहून द्यायला तो कचरला तर तुम्हीही कचरा.

नंतर चढवलेला रंग ओळखायची एक खूण: जुन्या कागदावर तांबूस डाग पडलेले असतात. रंग आधीचा असेल तर डाग रंगातूनही वर येतो. रंग नंतरचा असेल तर डागावरून रंग स्वच्छ फिरलेला दिसतो. अपवाद असतात, पण सुरुवातीला हे धरून चाला.

ऑड्युबनच्या बाबतीत लोक विचारतात, मूळ पत्र्यावरून नंतर छापलेलं असेल तर? त्याचे बहुतेक पत्रे भंगार म्हणून वितळवले गेले. कनेटिकटमधल्या तांब्याच्या कारखान्यात व्यवस्थापकाच्या चौदा वर्षांच्या मुलाने वितळायला निघालेल्या पत्र्यावर पक्ष्याचा पाय ओळखला आणि काही पत्रे त्याच्यामुळे वाचले. त्या काही पत्र्यांवरून विसाव्या शतकात थोडे छाप निघाले, पण बाजारात फिरणाऱ्या बहुतेक 'ऑड्युबन' नकला ठिपक्यांच्याच असतात. तिथे पुन्हा भिंग.

जुने ग्रंथ फोडून एकेक पान विकायची पद्धत आहे. आधीच सुटलेलं पान घेण्यात मला वावगं वाटत नाही. पण समोरच्याकडे बांधलेलं पुस्तक असेल आणि तो 'हवं ते पान काढून देतो' म्हणाला, तर तिथून निघा. ऑड्युबनचे पूर्ण संच आज १२०च्या आसपास उरलेत. २०१०मध्ये त्यातला एक लंडनच्या लिलावात ७३ लाख पौंडांना गेला. पुस्तक फुटलं की ते परत होत नाही.

परदेशात राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू भारताबाहेर नेताना १९७२चा पुरावशेष कायदा लागू होऊ शकतो. आजोबांच्या घरातलं चित्र सुटकेसमध्ये टाकण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे विचारा. परदेशात घेतलेलं इकडे आणताना पावती जपून ठेवा.

सहावी पायरी: पावसाळ्यातून जगवणं

लॅमिनेशन कधीही नाही. कितीही ओलावा असो, कितीही जण सुचवोत. प्लास्टिक एकदा चिकटलं की कागद आणि रंग दोन्ही गेले. चिकटपट्टीही नाही. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात उतरतो. चित्र मागच्या पुठ्ठ्यावर धरायला जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या आणि गव्हाच्या स्टार्चची खळ, एवढंच, आणि तेही वरच्या कडेलाच, म्हणजे कागद श्वास घेईल.

पुठ्ठा आम्लरहित मागा. साध्या पुठ्ठ्याने चित्राभोवती तपकिरी चौकट उमटते, ती जात नाही. काच कागदाला टेकता कामा नये, मध्ये खिडकी कापलेला पुठ्ठा हवा. नाहीतर पावसाळ्यात आतली वाफ काचेवर जमते आणि डिंकाचा हात दिलेला पक्ष्याचा डोळा काचेला चिकटतो. हे मी पाहिलंय. चित्र काचेपासून सोडवताना डोळा काचेवरच राहिला होता.

बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, तिला ओल येते. ऊन येतं त्या भिंतीवरही नाही. संग्रहालयं अशा चित्रांवर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पाडत नाहीत. ते साधारण मंद दिव्याच्या खोलीइतकं. घरी मी तीन महिने लावतो, मग सपाट पेटीत ठेवतो आणि दुसरं लावतो. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर जून ते सप्टेंबर पेटीतच बरं. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. डांबराच्या गोळ्या, कडुनिंबाचा पाला कागदाला टेकतील असे ठेवू नका, डाग पडतात.

दसऱ्याच्या आसपास, हवा कोरडी झाली की प्रत्येक फ्रेम मागून उघडा. कसर, वाळवी, बुरशीची पांढरी लव कुठे दिसते का ते भिंगाने बघा. बुरशी दिसली तर पुसू नका, घासल्याने ती रंगात शिरते. चित्र इतरांपासून वेगळं ठेवा आणि कागद सांभाळणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा. हात फक्त स्वच्छ आणि कोरडे हवेत. मोजे घातले तर कागदाची कड जाणवत नाही आणि फाटतो.

त्याच दिवशी, फ्रेम उघडी असतानाच, कागदाच्या पाठीमागे अगदी खालच्या कोपऱ्यात मऊ शिसपेन्सिलीने हलकेच लिहा: कुठल्या पुस्तकातलं पान, कोणाकडून घेतलं, कोणत्या साली. पेनने लिहू नका, शाई पुढच्या बाजूला फुटते.